उमरचा ताप

बुरोंडीचा संघ रत्नागिरीला जाऊन वकिलांची फुटबॉलची शिल्ड खेळला, तर आप्पा तांडेलांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पहिली, धाकट्या बाबल्याला हर्णै बंदरावर कस्टमच्या शिपायाची जागा. दुसरी, मेहुणा गंगाराम याचं तोंड निदान वर्षभर बंद. बायको वारून नऊ वर्षं झाली होती, तरी "आमची बहीण खाऱ्या वाऱ्यात दिली" हे वाक्य गंगाराम दर शिमग्याला नव्याने सुचल्यासारखं म्हणत असे. तिसरी गोष्ट आप्पांनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. बक्षीस समारंभाला मांडवात खुर्ची.

बदल्यात जाणार होता एकच. गोल राखणारा उमर.

हे सगळं आप्पांनी वाळूवर उभ्या उभ्या तोललं तेव्हा सकाळचे आठ वाजले असतील. रापण नुकतीच ओढून झाली होती. बुरोंडीची रापण म्हणजे अर्धा मैल लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही टोकांचे दोर ओढायचे. एक दोर खालच्या वाडीचा, त्याच्या शेंड्याला आप्पा. दुसरा मोहल्ल्याचा, त्याच्या शेंड्याला काशम. एका बाजूने घाई केली तर जाळं तिरकं येतं आणि मासळी निसटते, म्हणून बावीस वर्षं हे दोघे एकमेकांच्या पावलांकडे बघत मागे सरत आले होते. मासळीचे वाटे मात्र आप्पांच्या हाताने व्हायचे, आणि त्या हाताबद्दल मोहल्ल्यातही कुणी कधी ब्र काढला नव्हता.

ओढायला येईल त्याला वाटा, हा नियम. अपवाद एकच. घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल, किंवा घरातलं कुणी वारलं असेल, तर त्या घरचा वाटा न ओढताही मिळायचा. तांडेलाच्या, म्हणजे रापणीच्या म्होरक्याच्या, घरची बाई तो पाटीत घालून, वर फणसाची पानं झाकून, दारात नेऊन द्यायची. पाटी कुठल्या दाराकडे वळली यावरून गावाला कळायचं, दुखणं कुठे आहे.

त्या दिवशी संघातली अकरा पोरं दोरावर नव्हती. परवा मॅच, हातपाय जपा, म्हणून आप्पांनीच त्यांना घरी बसवलं होतं. वाटे चालू असताना गंगाराम वाळूतून वहाणा हातात धरून आला. रत्नागिरीत हरिश्चंद्र वकिलांकडे तो कारकून होता आणि वकिलांचा निरोप स्वतःच्या आवाजापेक्षा एक पट्टी वर सांगायची त्याला सवय होती.

"भावोजी, यंदापासून संघ जातवार."

"म्हणजे कसे?"

"हिंदूंचे वेगळे, मुसलमानांचे वेगळे. गेल्या सालच्या मुंबईच्या दंग्यात काय झालं ते ठाऊक आहे ना? वकीलसाहेब म्हणतात, सरमिसळ नको म्हणजे तंटा नको."

"तंटा मुंबईत झाला. बुरोंडीत कुठं झाला?"

"झाला नाही म्हणूनच काळजी घ्यायची."

आप्पांनी एका वाट्यातले दोन बांगडे उचलून दुसऱ्यात टाकले, मग पुन्हा पहिल्यात टाकले. "आमच्यात एकच हाय. उमर."

"एकच ना? मग काढायला सोपा."

"तो गोलात असतो रे."

"गोलात असं काय लागतं? दोन बांबूंच्या मध्ये उभं राहायचं." गंगारामने जन्मात बॉलला पाय लावला नव्हता. मग तो जवळ सरकला आणि आवाज एक पट्टी खाली आला. "कस्टमचे साहेब मॅचला येणार आहेत. वकीलसाहेब तिथेच बाबल्याच्या अर्जाबद्दल दोन शब्द बोलणार आहेत. आता तुम्हीच बघा."

आप्पांना बघायची गरज नव्हती. गेल्या कार्तिकात ओल्या दोराच्या पिळात बाबल्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. राहिलेल्या दोन बोटांत दोर ठरत नव्हता, वल्हं ठरत नव्हतं. बावीस वर्षांचा मुलगा दिवसभर पडवीत बसून डाव्या हाताने जाळी शिवायला शिकत होता आणि कुणी आलं की उजवा हात मांडीखाली घ्यायचा. दर्यावर पोट असलेल्या घरात असा मुलगा जन्मभर पडवीतच बसणार, हे कुणी तोंडाने म्हणत नव्हतं इतकंच.

काशम पलीकडे दोर गुंडाळत होता. वीस पावलांवर. आप्पांनी त्याला हाक मारली असती तर ही कथा इथेच संपली असती. पण बावीस वर्षांच्या सोबत्याला "तुझा पोरगा नको" असं तोंडावर सांगायचं कसं? आप्पांनी मग त्यांच्या मते फार सभ्य तोडगा काढला. उमरला परवा ताप येऊ दे. आणि ताप आलेल्याचा मान म्हणून उमरचा वाटा आजच घरी जाऊ दे. म्हणजे खोटं बोलावं लागणार नाही, रीतच बोलेल. काशम समजून घेईल, कुणाचं काही गेलं असं होणार नाही.

त्यांनी चांगले तीस बांगडे वेचून पाटीत भरले, फणसाची पानं झाकली आणि सुनेला हाक मारली.

"कमळा, ही काशमच्या घरी दे. सांग, उमरला म्हणावं दोन दिवस घरी पडून राहा."

कमळाने पाटी उचलली. काय विचारायचं ते तिला सुचलं होतं, पण सासऱ्याला विचारायची पद्धत नव्हती.

*

दुपारी पडवीत पानं मांडली गेली तेव्हा पाहुण्याचं पान कुठे मांडायचं यावर आप्पांची थोरली बहीण तुळसा हिने बराच विचार केला होता. पाहुणा गोरा होता. डोनली त्याचं नाव. मुंबईच्या गोदीत आप्पांचा थोरला मुलगा मोरू ज्याच्या हाताखाली फिटर होता तो फोरमन. आठ वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत त्यानेच मोरूला फुटबॉल शिकवला, मोरूने तो शिमग्याच्या रजेत बुरोंडीच्या वाळूवर आणला. वकिलांच्या कमिटीला गोरा पंच हवा होता. मोरूने साहेबाला विचारलं आणि साहेब चार दिवसांची रजा काढून बोटीने हर्णैला उतरला, तिथून बैलगाडीत. शेवटी तुळसाने त्याला खांबाजवळ, गंगारामच्या शेजारी बसवला. दोघेही लांबून आलेले, असा तिचा हिशेब.

डोनली केळीच्या पानावर बोटांनी जेवत होता आणि काटे काढण्यात गंगारामपेक्षा हुशार निघाला होता. मराठी त्याला कळत असे, बोलताना मात्र तो गोदीतली हिंदी बोलत असे.

गंगारामने घसा साफ केला. "साहेब, विलायतेत आपलं गाव कुठलं?"

"हम विलायत का नहीं. हम आयरिश."

"म्हणजे तेच."

मोरू हसला. "मामा, हे त्यांच्या बापाशीसमोर बोलला असतात तर तुमचं पान उचललं असतं."

तुळसा भाताचं भांडं घेऊन दारात थांबली. "काय म्हणतो तो? गोरा नाय?"

"गोरा हाय गो आते. पण गोऱ्यांत गोरा नाय."

"ही नवीनच जात काढलीस."

"मी कशाला काढू? त्यांनीच काढलेली. ह्यांचा बापूस आयर्लंडातनं दर्या ओलांडून ग्लासगोला आला, जहाजाच्या कारखान्यात काम मागायला. आपण मुंबईला जातो तसाच. फाटकावर मुकादम नाव विचारी आणि मग विचारी, शाळा कुठली? शाळेला कुठल्या संताचं नाव असलं की समजायचं, हा रोमन कॅथलिक, म्हणजे आयरिश. मग म्हणे, आज काम नाय."

"आणि उद्या?"

"उद्या पण नाय."

तुळसाने डोनलीकडे बघितलं. गोऱ्या माणसाला काम नाही, हे तिला त्याच्या तांबड्या भुवयांहूनही नवल वाटलं. "देव येगळा हाय काय त्यांचा?"

डोनलीला प्रश्न कळला. "देव एक, बाई. मंदिर दो."

"मग भांडतात कशापायी?"

त्याने काटा पानाच्या कडेला नीट ठेवला. "फाटक के वास्ते. अंदर जगह कम है."

"आणि फुटबॉलचे संघ पण दोन," मोरू म्हणाला. "एक आयरिशांचा. दुसरा असा, की त्यात आयरिश कितीही चांगला खेळो, घ्यायचा नाय. शनिवारी मैदानात खेळ आणि रस्त्यावर डोकी. एकमेकांच्या देवांवर गाणी रचतात. मुंबईत काय वेगळं हाय? चौदा वर्षं गोदीत आहेत साहेब. ह्यांच्या हाताखाली शिकलेले दोन इंग्रज ह्यांच्या डोक्यावर बसले. पाठीमागनं 'पॅडी' म्हणतात, आयरिशाला हिणवायचं नाव. पाठीमागनं म्हणजे, ह्यांना ऐकू जाईल इतक्याच मागनं."

"अरेरे," गंगाराम म्हणाला. "एवढी शिकलेली माणसं!" आणि हे तो अगदी मनापासून म्हणाला. मग त्याने तिसरा बांगडा वाढून घेतला.

आप्पांनी मान वर केली नाही. ते पानावरचे काटे एका ओळीत लावत राहिले.

तेवढ्यात कमळा मागच्या दाराने आत आली. पाटी तशीच भरलेली होती, पानं मात्र विस्कटलेली. ती तुळसाकडे तोंड करून बोलली, पण इतक्या मोठ्याने की पडवीत सगळ्यांना ऐकू जावं.

"आत्याबाय, घेतली नाय पाटी त्यांनी. उमरच्या आयशीनं पान उचलून बघितलं नि विचारलं, कुणाची? मी म्हटलं, उमरची. तर तिनं किंचाळीच फोडली. आत धावली पोराला बघायला. तो मागल्या दारी लाकडं फोडत होता. तोवर शेजारणी जमल्या, मला निघूच देईनात. एक म्हातारी तर पदर डोळ्याला लावूनच आली. उमरला धरून विचारतात, काय झालं रे तुला, काय झालं? तो म्हणतो, मला कुठं काय झालंय!"

तुळसाने भांडं खाली ठेवलं. "आप्पा, जित्या पोराच्या घरी तू पाटी धाडलीस?"

"मान म्हणून धाडली."

"कसला मान? मेल्याचा?"

मोरूने हात पानावर टेकला. "उमरला काय झालंय?"

"ताप," आप्पा म्हणाले.

"कधी आला?"

"परवा येणार हाय."

कुणी हसलं नाही. मोरूने आधी बापाकडे, मग मामाकडे बघितलं. मामा ताक पीत होता आणि वाटी तोंडापासून दूर करत नव्हता. मोरूला सगळं कळलं. गोदीत काम केलेल्या माणसाला निरोप कुठून आला हे शोधायला वेळ लागत नाही.

"मामा, तुमीपण शाळाच विचारलीत की."

गंगारामने वाटी ठेवली. "ती गोष्ट वेगळी. ते ख्रिस्ती, आपसात काय वाटेल ते करोत. इथे माणसं मेली आहेत."

"माझ्या चाळीखाली मेली. मी बघितलेली हायेत." मोरूचा आवाज चढला नाही, उलट बसला. "उमरचा मामा आणि मी, एका खोलीत पाच दिवस दाराला ट्रंक लावून बसलो होतो. जिन्यात पावलं वाजली की एकमेकांकडं बघायचो. कोण कुणाला लपवतोय तेच समजत नव्हतं, कारण खाली दोन्हीकडचे होते. आणि तुमी इथं बसून मला सांगता माणसं मेली!"

"मी कुठे म्हणतो उमर वाईट आहे? कमिटीचा नियम आहे."

"मग माझाही नियम ऐका. उमर नाय, तर मी नाय. आणि मी नाय, तर साहेब पण नायत. वकिलांना म्हणावं शिट्टी तुमीच वाजवा."

आप्पांना वाटलं, सुटलो. मोरूने नाही म्हटलं, आपल्यावर काही आलं नाही. एवढ्यात बाबल्या बोलला. तो कोपऱ्यात डाव्या हाताने जेवत होता.

"दादा, आणि मी?"

"तुझं बघू आपण. मुंबईत काहीतरी..."

"मुंबईत? गोदीत?" बाबल्याने उजवा हात मांडीखालून काढला आणि पानाशेजारी ठेवला. घरच्यांनीसुद्धा तो हात असा समोर फार वेळा बघितला नव्हता. "ह्याला काय देतील तिथं? उमर माझा दोस्त हाय. बोटं गेली तेव्हा हाताला फडकं बांधलं ते त्यानं. पण मला ती नोकरी पायजे, दादा. मला खोटं बोलता येत नाय. पायजे."

आता तुळसाने बाजू बदलली. दोन मिनिटांपूर्वी पाटीवरून भावाला झोडणारी तुळसा भाच्याच्या हाताकडे बघत राहिली आणि मग मोरूवर घसरली. "तुझं बरं हाय, बाबा. तू रागावशील, परवा बोटीत बसशील, महिन्याच्या महिन्याला पगार घेशील. मागं ह्याच्या तोंडाकडं बघत बसायचं ते मी."

"आते, तूच आता म्हणालीस..."

"पाटीचं म्हणाले. नोकरीचं नाय म्हणाले."

गंगारामला हा वारा आवडला. त्याने लगेच तुळसाने जेवून घेतलं का याची चौकशी केली. कमळा दाराआड नवऱ्याकडे बघत होती. तिचं मत कुणी विचारलं नव्हतं, पण ज्या दारात म्हातारी रडत आली होती त्या दारात फक्त तीच उभी राहून आली होती.

मोरू डोनलीकडे वळला. "साहेब, तुम्ही सांगा. तुमच्यावर तर ही पाळी आलेली."

सोलकढीची वाटी डोनलीने हातात फिरवली.

"मेरे पे नहीं आया," तो म्हणाला. "मेरे बाप पे आया. हम तो फाटक पर झूठ बोला. सोला बरस का था. दूसरा शाला का नाम बोल दिया. काम मिल गया."

आठ वर्षांत मोरूने हे ऐकलं नव्हतं. त्याला साहेब फाटकाबाहेर उभाच माहीत होता.

"बाप क्या बोला?" मोरूने विचारलं.

"कुछ नहीं. हमारा गिरजा का रस्ता कारखाना के सामने से जाता था. उस दिन से बाप पीछे का गली से जाने लगा. कोई देखे नहीं, हम किसका लडका है."

आप्पांनी पाहुण्याला दिवसभरात काही विचारलं नव्हतं. आता विचारलं. "किती वर्षं?"

"मरने तक," डोनली म्हणाला, आणि वाटी रिकामी केली.

*

उन्हं कलायच्या आत काशम आला. रोज तो खळ्यातून सरळ येऊन पडवीच्या कडेला बसायचा आणि न विचारता पानाच्या डब्याकडे हात करायचा. आज खळ्यात, तुळशीपासून दोन हात लांब उभा राहिला.

"तांडेल, पोराला ताप नाय."

बावीस वर्षांत त्याने आप्पांना एकट्यात तांडेल म्हटलं नव्हतं. ते दोरावरचं नाव होतं.

"काशम, वर ये. बस."

"बसायला नाय आलो. इचारायला आलो. किती दिवस पायजे ताप?"

उत्तर गंगारामने दिलं. "दोन दिवस पुरे."

काशमने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो बाबल्याकडे बघत होता. "नोकरी ह्याचीच ना?"

बाबल्याने मान खाली घातली. हात मात्र या वेळी लपवला नाही.

"त्या दिवशी दोर माझ्या बाजूनं सुटला," काशम म्हणाला. "माझा पाय घसरला. तुमच्या बाजूला झटका गेला तो त्यामुळं."

"दोर ओला होता," आप्पा म्हणाले. "त्यात तुझी काय चूक?"

"तू असं म्हणालास तेव्हापण. गावातपण कुणाला बोलू दिलं नायस. मी इसरलेलो नाय." त्याने बाबल्याच्या हाताकडे पुन्हा बघितलं. "झोपेल उमर. दोन दिवस झोपेल. त्याची आय कपाळावर ओलं फडकं ठेवील. सकाळपास्नं अर्धा गाव बघायला येऊन गेलाय, आता ताप नाय म्हटलं तर तुझीच लाज जाईल. पण आप्पा..."

आता त्याने 'आप्पा' म्हटलं, म्हणून आप्पा उठून पडवीच्या कडेपर्यंत आले.

"सकाळी मी वीस पावलांवर दोर गुंडाळत होतो. तू यायचंस. म्हणायचंस, काशम, माझ्या पोरासाठी तुझा पोर घरी ठेव. मी ठेवला असता, आणि परवा तुझ्याबरोबर मचव्यात बसून रत्नागिरीलापण आलो असतो. तू आला नायस. तू पाटी धाडलीस."

"चुकलं माझं."

"व्हय. ह्यापुढं माझ्या दारात पाटी नको. उद्या मी आजारी पडलो तरी नको. मेलो तरी नको."

तो वळला. मोरू पायात वहाणा न घालताच त्याच्या मागे गेला. बांधापर्यंत दोघे बरोबर गेले. मोरू परत आला तो थेट आत गेला आणि कमळाला म्हणाला, "तुझी ट्रंक भर. माझ्याबरोबर यायचं."

गंगारामने मोठा श्वास सोडला. "चला, मार्गी लागलं."

"गंगाराम," आप्पा म्हणाले, "तू जरा गप बस."

हे वाक्य त्यांना वीस वर्षांपूर्वीच म्हणता आलं असतं आणि त्याला शिल्ड लागली नसती.

*

तिसऱ्या दिवशी मचवा रत्नागिरीला गेला. मोरू गेला, कारण साहेबाला न्यायचं होतं आणि बाबल्याने काही न बोलता त्याचे बूट तेल लावून ठेवले होते. कप्तान व्हायला त्याने नकार दिला आणि उमरच्या जागी गोलात उभा राहिला. तीन गोल खाल्ले. मुद्दाम खाल्ले असं गंगाराम म्हणाला. "दोन बांबूंच्या मध्ये उभंच राहायचं होतं ना, मामा?" मोरू म्हणाला. "उभा होतो."

हरल्याचं वकिलांना काही वाटलं नाही. संघ जातवार आले, तंटा झाला नाही, पंच गोरा होता. त्यांनी कस्टमच्या साहेबाशी चार शब्द केले, कबूल केल्यापेक्षा दोन जास्तच. आप्पांना मांडवात तिसऱ्या रांगेत खुर्ची मिळाली. वकिलांनी त्यांची ओळख "आमचे खाऱ्या पाण्यातले लोक" अशी करून दिली आणि आप्पा हसले.

त्यांच्या पुढच्या रांगेत दोन इंग्रज होते. डोनली शिट्टी गळ्यातून काढत जवळून जाताना त्यांतला एक दुसऱ्याला काहीतरी म्हणाला आणि दोघे हसले. डोनलीही हसला. आप्पांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. पण ते हसू घटकेपूर्वी त्यांच्या स्वतःच्या तोंडावर होतं, म्हणून ओळखता आलं.

चैत्रात बाबल्याच्या नोकरीचं पत्र आलं. खाकी सदरा, पट्टा, दोन बोटांत धरता येईल अशी काठी. गाव त्याला बघायला आलं. मोहल्ल्यातूनही माणसं आली. उमर नाही आला. तो मोरू आणि कमळाबरोबर मॅचनंतरच्या बोटीने मुंबईला गेला होता, आणि गोदीच्या मैदानावर पोरं बोलवायला आली तर म्हणत असे, मला बॉल अडवता येत नाही.

बाबल्या कामावर रुजू झाला त्या दिवशी तुळसा अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. आप्पा पायरीवर. सकाळच्या रापणीला काशम आला होता, दोर ओढला होता, पावलांवर नजर ठेवून मागे सरला होता, वाटा घेऊन गेला होता. कशात खोट काढायला जागा नव्हती.

"मिळालं ना तुला?" तुळसा म्हणाली.

"बाबल्याला मिळालं."

"तेच. मी आपली बघत होते, कुणाला काय पडलं ते." ती सुपातले खडे वेचत एकेक नाव घेऊ लागली. "त्या पोरानं भर फाल्गुनात दोन दिवस गोधडी पांघरून घाम काढला. गाव दारात उभं राहून बघून गेलं. मग गाव सोडलं. त्याच्या आयशीनं निरोग्या कपाळावर फडकं ठेवलं. मोरूनं घर सोडलं, कमळा नेली. माझे हात गेले, आता पाणी मीच भरते. बाबल्या सदरा घालतो, पण मोहल्ल्याच्या वाटेनं जात नाय. काशमचं तर तू बघतोसच."

"आणि मी काय दिलं?"

तुळसाने सूप एकदा झटकलं. "तुझ्याकडं अजून कुणी मागितलेलंच नाय."